जल, तरू, तृण, काष्ठ

वर्धा,
१२ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. वच्छलेस रूपरावचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे, तुमच्याकडील कुशल कळवावे. गुडघा दुखतो, पण तो तर पेन्शनीसोबतच मिळाला. तुझी वहिनी गेल्यापासून शेजारच्या कमलाबाई दोन्ही वेळा ताट पाठवतात. वरणात मीठ कमी असतं, पण सांगायची हिंमत होत नाही. तू उन्हाळ्यात दिलेल्या मुगवड्या आता संपत आल्या.

तुमची पऱ्हाटी बोंडावर आली असेल. पुंडलिकरावांच्या पोटाचं कसं आहे?

एवढं विचारलं आणि पेन खाली ठेवला. उठून चहा करून आलो. आता लिहितो.

परवा कोर्टातून घरी आल्यावर पुंडलिकराव तुला काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. 'तुझ्या भावानं घात केला' एवढं तर म्हणालेच असतील. कोर्टाच्या पायरीवर माझ्या अंगावरून गेले, पण साधा रामराम नाही.

झालं ते माझ्याही तोंडून ऐक. तानबाचं शेत तुम्ही घेतलं, त्याच्या धुऱ्याला, अगदी बांधालगत, विहीर आहे. ती तानबाच्या बापानं आणि वस्तीतल्या लोकांनी खोदली, कारण गावच्या विहिरीवर त्यांना कोणी चढू देत नव्हतं. गेल्या साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तरी गावची विहीर त्यांना बंद ती बंदच. आणि पुंडलिकरावांनी याही विहिरीला बोराटीच्या काट्या लावल्या. का, तर खरेदीखतात लिहिलं आहे, 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.' जल आलं म्हणजे विहीर आली म्हणे! वस्तीतल्या बाया नाल्याचं पाणी आणू लागल्या, आणि तानबानं दावा लावला.

न्यायाधीश नवे आहेत, आपण मुंबई राज्यात गेल्यावर तिकडून आलेले. ते म्हणाले, इकडची खतं कशी लिहितात हे जाणणारा कोणी जुना भाषांतरकार असेल तर बोलवा. जुना म्हणजे मीच, बाकीचे देवाघरी गेले. समन्स आलं. प्रकृतीचं कारण सांगता आलं असतं, गुडघा होताच. पण गेलो.

या ओळीचा अर्थ काय, असं मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, ही ओळ हिरालाल अर्जनवीस प्रत्येक खतात लिहितो. घेणारा-देणारा समोर बसायच्या आधीच लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या गुरूनं तसंच शिकवलं. बाजारात माडीवरची एक खोली विकली गेली, तिच्याही खतात जल आणि तृण आहे. माडीवर कुठलं आलं गवत? सारं कोर्ट हसलं. मला मात्र हसू आलं नाही, पुंडलिकराव समोरच बसले होते.

त्यांचे वकील तडकले, 'म्हणजे लिहिलेल्याला काही अर्थच नाही?' मी म्हटलं, आहे ना. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार यावे' लिहितात, तेवढा आहे. त्या भरवशावर कोणी गाडीभर माणसं घेऊन पंगतीला बसत नाही. जिथे खरोखर विहीर विकतात, तिथे हिरालाल ती वेगळी लिहितो. कोणत्या दिशेला, मोट कुठे, जायची वाट कुठून, सगळं. या खतात त्यातलं अक्षर नाही.

निकाल लगेच झाला. काट्या काढायच्या.

वच्छे, 'जल म्हणजे विहीर' एवढंच म्हटलं असतं तर कोणी मला खोटं पाडलं नसतं. तुझा चेहरा डोळ्यांपुढे होता ग, खरंच होता. पण जीभ वळली नाही. आता फार थकलो. जन्मभर लोकांच्या लिहिण्याचा अर्थ लावला, आता कशाचाच लावावासा वाटत नाही.

वर 'सर्व कुशल' लिहिलं, तेही हिरालालसारखंच, हाताच्या सवयीनं. कुशल काही नाही. भाऊबीज आली. दर साली मी न विचारता मोटारीत बसतो आणि तू पाट मांडून ठेवतेस. मला तुझ्याशिवाय दुसरं दार नाही. यंदा विचारतो, येऊ का?

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा भाऊ रूपराव


ता. समुद्रपूर,
१७ ऑक्टोबर

तीर्थरूप भाऊले वच्छलाचा नमस्कार.

कुशल-बिशल मी लिहीतच नाई. तू विचारलं ते बरं केलं. तसाच आला अस्ता तर तुले दारातून वापस जा म्हनावं लागलं अस्तं, आन् ते मले जमलं नसतं.

तुले काऊन वाटते का मी तुह्यावर रागावली? खरेदी झाली त्या दिवशी मी धुऱ्यावरच होती. नारळ फोडला तवा तानबा म्हने, 'विहीर वस्तीची, ते सोडून.' यायनं मान डोलावली. मी ह्या डोयानं पाह्यलं. काट्या लावल्या तवा मी यायले म्हटलं, तर म्हने, 'चूप बैस, कागदात हाय.' तू खरं तेच बोलला.

आता बाया पानी भरून राह्यल्या. घागरीचा आवाज आला का हे उठून आत जाते. धड जेवत नाई. म्हनते, तो ह्या घरात आला तर मी ह्या घरात नाई. मले ह्याच घरात राहाचं हाय, भाऊ.

म्हनून यंदा येऊ नको.

तानबा वर्ध्याले येऊन राह्यला, त्याच्याजवळ मुगवड्या देल्या. यायले सांगतलं नाई. वरनात मीठ वरून टाकून घेजो, उगाच अळनी खाऊ नको.

भाऊबीजेले दिवस बुडाला का अंगनात उभा राह्यजो. जिले भाऊ नाई ते चंद्राले ओवाळते. मले भाऊ हाय, तरी यंदा मी चंद्रालेच ओवाळीन. बीजेचा चंद्र लवकर बुडते, उशीर करू नको.

भाऊ असलेली,
तुही वच्छी