वच्छलाबाईंचा वाडगा

नागपूर, रविवार

ती. आईस नमस्कार,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे माझी भट्टी अखेर उभी राहिली. जुन्या विटा, वर पत्र्याचं झाकण आणि बाभळीची लाकडं. झिलईची भांडी लाल झाली की चिमट्याने काढून वाळल्या पानांत झाकायची. मला कुठे भाजलं नाही, काळजी करू नकोस.

एक गोष्ट मात्र फोनवर सांगवली नाही. माझ्या मातीकामाच्या वर्गात साठीच्या वच्छलाबाई येतात. त्यांचा वाडगा उशिरा झाला. तो आधी एकदा भाजून घ्यायला हवा होता, पण भट्टी पाहायला आलेली माणसं ताटकळली होती, म्हणून मी तसाच कच्चा आत ठेवला. तो फुटला आणि त्याच्या ठिकऱ्यांनी इतरांची चार भांडी गेली. सगळे माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मी म्हणालो, "बाईंनी माती नीट मळली नसणार."

त्या एकेकाजवळ जाऊन माफी मागत राहिल्या. मी त्यांना थांबवलं नाही, आई. बाबांनाही हे वाचू दे.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले एकटीले काहून सांगता, सर? तुमी म्हटलं तं सगळ्यायसमोर होतं."

काल वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. मान वर होत नव्हती. वच्छलाबाईंनी नवा वाडगा करायला घेतलाय. "या खेपेले विस्तव मी लावीन," एवढंच बोलल्या. मी हो म्हणालो आणि लाकडं त्यांच्या हाताशी नेऊन ठेवली.

तुझ्या पाया पडतो,
केयूर