भिंतीवरचा तो फोटो काढ

ती. आई,

पायावर डोकं ठेवते. आज मान वर करायची हिंमत नाही.

मी बरी आहे, खोकलाही गेला. तुझा गुडघा काय म्हणतो?

व्हेल शार्कच्या पाठीवर हात ठेवलेला माझा फोटो तू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतेस ना, तो काढ. डायव्हिंगला आलेल्या पाहुण्यांना मी रोज बजावते, "पाण्यात हाताची घडी! मासा कितीही जवळ आला तरी शिवायचं नाही." आणि तुला पाठवायला झकास फोटो हवा म्हणून मीच हात लावला. त्याने अंग चोरलं, पाठ फिरवली आणि सरळ खोल गेला. फोटोत तेवढं दिसत नाही.

एरवी तो आपणहून आमच्या शेजारी संथ पोहायचा. शेपटीवरच्या खाचेवरून मी त्याला ओळखते. आज पुन्हा दिसला. सगळे हाताची घडी घालून होते, तरी आम्हाला बघताच तो बुजून खाली गेला. बोटीत पाहुण्यांनी विचारलं, "असं का केलं त्याने?"

"मूड नसेल," मी म्हटलं. बोलताना मास्क काढला नाही.

त्या खिळ्यावर माझा पहिलीतला फोटो लाव, दात पडलेला. त्यात माझ्या हाताची घडी आहे.

तुझीच,
धाकटी