यादीत इच्चू नाही

सोम., १७ नोव्हें.
शाळेत डिजिटल ग्रंथालय सुरू. सहा टॅब. पुस्तकांची यादी माझी, अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून केलेली, शुद्ध मराठीत. आज सहावी ब. प्रकल्प – परिसरातले प्राणी. तासाभरात कुणालाच काही मिळालं नाही. एकाने शोधायच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘नमस्कार, मला बेडूक पाहिजे.’

मंगळ., १८
मुख्याध्यापिका बाईंपर्यंत गेलंच. “पोरांना शोधता येत नसेल तर तो तास शिष्यवृत्तीच्या सरावाला देते. शुक्रवारी बघायला येते.”
फळ्यावर शोधायचे पाच नियम लिहिले. पोरांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. बेडूक बेपत्ताच.

बुध., १९
आज मागे उभी राहून नुसतं बघितलं. ओंकारने ‘पाल’ लिहिलं. शून्य. ‘घरातली पाल’. शून्य. मग टॅब उलटा करून बघितला.
चऱ्होलीच्या आरतीने ‘इच्चू’ लिहिलं. म्हटलं, “अगं, विंचू लिही.” लिहिलं. शून्य!
“बाई, तुमचाबी न्हाई घावला.”
यादी उघडली. विंचू मी ‘संधिपाद’मध्ये घातलाय. पाल ‘सरीसृप’, बेडूक ‘उभयचर’. पोरं बरोबरच शोधत होती.

गुरु., २०
वर्गाला सांगितलं, घरी जे म्हणता ते लिहून द्या. आरतीचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला. ऑफ तासाला सगळी नावं यादीत घातली. पालीसाठी कुणीतरी ‘आईची किंकाळी’ सुचवलंय. ते गाळलं.

शुक्र., २१
मुख्याध्यापिका बाई आल्या, नेमक्या आरतीच्या मागे उभ्या. ‘इच्चू’ – तीन पुस्तकं! वर्गात आरडाओरडा.
बाई : “हे अशुद्ध कुणी घातलं?”
मी तोंड उघडायच्या आत आरती उभी. “म्या सांगितलं, बाई.”
“विंचू म्हणायचं.”
“म्हनते की. आधी पुस्तक घावू द्या.”
मी खोकल्याचं नाटक केलं. बाई हसल्या नाहीत. ऑफिसात बोलावून म्हणाल्या, असले शब्द सोमवारपर्यंत काढा, तरच तास राहील.

शनि., २२
शब्द काढायला बसले. मन होईना. टॅबवर आजचे शोध दिसतात, ते चाळले. सकाळी सव्वासातला, शाळा भरायच्या आधी कुणीतरी ‘कुर्ली’ शोधलीय. दोनदा. शून्य.
सहावी ब मध्ये खेकड्याला कुर्ली कुणीच म्हणत नाही. तेवढ्या लवकर खोलीची किल्ली फक्त बाईंकडे. आणि बाईंचं माहेर सावंतवाडीचं, तिकडे खेकड्याला कुर्लीच म्हणतात.
घालू का कुर्ली? की सोमवारी त्यांनाच विचारू, शुद्ध काय, कुर्ली की खेकडा?