बाबूची माटोळी

आई, तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस. मी डिचोलीकडे बालवाडीत शिकवते हे तुला ठाऊकच आहे. यंदा तिथे चार वर्षांची एक मुलगी आलीय. तोंडातून अक्षर काढत नाही. तिला टॅबवर चित्रं घालून दिलीत, ती चित्रावर बोट ठेवते आणि आतली बाई बातम्या दिल्यासारखी म्हणते, "मला पाणी हवे आहे." एवढी शुद्ध मराठी आपल्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल गे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. मग तिला पाणी दिलं आणि हसूच गेलं माझं. मला पेडण्याचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं, आणि जनेलाच्या गजापासून खांबापर्यंत तू बांधलेली ती दोरी.

माझा धाकटा भाऊ बोलत नाही हे आपल्या वाड्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. देवाला गाऱ्हाणं घाल, अमक्याला दाखव, आपोआप बोलेल गो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि सगळं केलंस. पण चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगून माटोळी बांधली की आपला बाबू वेगळाच व्हायचा. तिथे टांगलेलं तवसं, तोरिंजन, अंबाडे, सुपारीचा घोस, एकेकाकडे तो बोट करायचा. तू नाव सांगायचीस आणि तो खिदळायचा. त्या वर्षी गणपती पोचवून आलो, माटोळी सोडली, तर हा रिकाम्या जागेकडे बोट करून रडतोय. दुसऱ्या दिवशी तू त्याच्या हाताला येईल अशी दोरी बांधलीस. तिला पाणी प्यायचा पत्र्याचा कोप, भुकेसाठी उंड्या पावाचा तुकडा, बाहेर जायचं तर बाबांची टोपी, झोपेसाठी चटईची पट्टी. तो कोप ओढतो. तू चुलीपुढून वळतेस, "काय व्हया रे राजा? पाणी?" आणि तो मान हलवतो, अगदी मोठ्या माणसासारखी. उंड्याला मुंग्या लागायच्या म्हणून तू रोज करवादायचीस आणि रोज नवा तुकडा बांधायचीस. शेजारीण म्हणाली, "दुकान घातलंस काय गो?" तू म्हणालीस, "होय, पण गिऱ्हाईक एकच."

आणि मग तो दिवस. बाबू सकाळपासून कोप ओढतोय. तू पाणी देतेस, तो ते ढकलतो आणि पुन्हा कोपच ओढतो. मग उंडा, मग टोपी, मग चटई. तू एकेक देऊन बघतेस, मी एकेक देऊन बघते, तो रागानं लाल होतो. शेवटी त्यानं सगळी दोरीच खाली ओढली आणि तिच्यावर मुटकुळं करून पडला. आपल्याला वाटलं, हट्ट. अंगात ताप भरला तेव्हा कुठे बाबा गाडी बघायला धावले. म्हापशाच्या इस्पितळात सांगितलं, पोटात आतडं फुटलंय, फार उशीर झाला. तू रडलीस ते सगळ्यांनी बघितलं. पण बाराव्यानंतर भांडी घासता घासता तू मला एकच विचारलंस, "दुखता म्हणान सांगूक काय टांगतत गो?" मी लहान होते, घासलेली भांडी पालथी घालत राहिले. त्यानंतर तू मरेपर्यंत बाबूचं नाव आपल्या घरात निघालं नाही.

खरं सांगू, टॅब आला तेव्हा मी आदळआपटच केली होती. बाहेर ढीगभर माती पडलीय आणि पोरं काचेवर बोट फिरवून खोटी भाजी लावतात, जळ्ळं मेलं ते शिक्षण! अजूनही इतर मुलांच्या हाती मी चिंचोके आणि करवंट्याच देते. पण या मुलीची गोष्ट वेगळी. तिची आई मात्र ऐकेना. ही माणसं सावंतवाडीकडची, बाप शिरगावला खाणीवर ट्रक चालवतो. ती बाई येऊन मला म्हणाली, "टीचर, यंत्रच बोलाक लागला तर ह्या चेडवाचा त्वांड कधी उघडतला? लोक हसतत. काढून घेवा तां." तिनं हट्ट धरला असता तर मला टॅब काढून घ्यावा लागला असता आणि ती पोर पुन्हा मुकी झाली असती. मी तिला बांकावर बसवलं आणि बाबूची गोष्ट सांगितली. तुझ्यामागे पहिल्यांदाच कुणाला सांगितली गे. तिनं पदरानं डोळे पुसले आणि टॅब मुलीच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

त्याच आठवड्यात मुलगी खेळता खेळता थांबली. टॅबवर एक रडका चेहरा आहे, त्याच्यावर तिनं बोट ठेवलं. "मला दुखते आहे." आणि दुसरा हात कानावर. बस्स, एवढंच. तिच्या आईला बोलावून घेतलं, डॉक्टरांनी कान बघितला, औषध दिलं, चार दिवसांत पोर उड्या मारायला लागली. तिची आई पाववाल्याकडच्या पोईंची पिशवी घेऊन आली, माझे हात धरून हसली, रडली. मीही हसले. सगळे म्हणाले, टीचर किती खूश झाली बघा.

हे तुझ्याजवळच बोलायचं होतं, म्हणून लिहिलं. कागद आता घडी करून कपाटात जाईल. त्या पोरीचा कान बरा झाला तेव्हा मला आनंद झाला नव्हता, आई. तो नंतर झाला. आधी मला तिचा राग आला, दुखतंय म्हणून तिला सांगता आलं आणि बाबूला नाही.