न धुतलेली टाकी

बाबा, माझ्या बैठकीच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, आणि ती मी आणल्यापासून एकदाही धुतलेली नाही. हे ऐकून तुम्ही आधी बाह्या वर सारल्या असत्या, म्हणून सांगून टाकते की हे मी आळसाने नाही, हट्टाने केलंय.

आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समधली तुमची गोड्या पाण्याची टाकी आठवते. कारखान्यात तुम्ही तपासणी खात्यात. केसाएवढा फरकही तुमच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि तीच नजर घेऊन तुम्ही दर रविवारी टाकीपुढे बसायचात. मासे बादलीत. तळाचे खडे उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर वाळत. काच मिठाने घासायची, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा करायचा. मी एकदा म्हटलं, थोडं शेवाळ राहू दे ना, छान दिसतं, तर म्हणालात, "घाण आवडायला लागली की माणूस संपला." संध्याकाळी टाकी अशी लखलखायची की शेजारी बघायला येत. मग गुरुवार येतो, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि तुम्ही कामावरून येऊन बूटही न काढता समोर खुर्ची ओढून बसता. शेजारचे काका दारातून तमिळमध्ये म्हणतात, "विडुंग सार, अदु मीनदाने." सोडा हो, मासाच तर आहे. तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणता, "मासा असला तरी आपण आणलाय त्याला."

असं कितीदा झालं. शेवटी आई म्हणाली, तुमच्या हाताला यश नाही. ती वैतागून सहज बोलून गेली, तुम्ही मात्र ते वाक्य कायमचं अंगावर घेतलंत. टाकीत कांदे-बटाटे आले. तुळस लावायची झाली की तुम्ही आईला म्हणायचात, "तूच लाव." माझ्या मुलीच्या उष्टावणाला खिरीची चांदीची वाटी तुमच्या हातात दिली, तर ती तुम्ही आईकडे सरकवलीत आणि पाणी प्यायला म्हणून आत गेलात. पाहुण्यांना वाटलं, आजोबा लाजले. मला मात्र आईचा इतका राग आला की मी माझी खीर तशीच ठेवली. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, तुम्हीच गेलात. ते वाक्य तेवढं घरात राहिलं.

आई आता माझ्याकडे सिरुसेरीला असते. ऑफिसातला एक सहकारी बदली होऊन पुण्याला निघाला, त्याने आपली खाऱ्या पाण्याची टाकी मोडली आणि आतले दगड, वाळू मला देऊ केली. या दगडांना जिवंत खडक म्हणतात. समुद्रातून उचलून आणायला बंदी आहे, त्यामुळे हे सिमेंट-शिंपल्यांचे घडवलेले, पण त्याच्या टाकीत वर्षानुवर्षं राहून त्यांच्या भोकाभोकांत किडे, गोगलगायी, जंतू वस्तीला आलेले. "गोडं पाणी लावू नका आणि सुकू देऊ नका," एवढंच त्याने बजावलं. मी नव्या टाकीत मीठ विरघळायला घातलं, खडकांची बादली बाल्कनीत ठेवली आणि कॉल घ्यायला आत गेले. बाहेर येते तो आईने सगळे खडक नळाखाली काथ्याने घासून, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. प्रत्येकाला हळदकुंकू लावलेलं.

"अगं, वास मारत होता," ती म्हणाली. "नवी वस्तू घरात घ्यायची तर अशी शेवाळलेली घ्यायची? पाण्याची लॉरी नुकतीच येऊन गेली होती, म्हटलं धुऊन टाकावं."

मी काय बोलले ते लिहीत नाही. सहकाऱ्याला फोन लावला. तो आधी हसला, मग त्याने विचारलं, वाळू तरी वाचली का? तिच्या बादलीला झाकण होतं म्हणून वाचली होती. "मग टाका सगळं आत. खडकांवर जे मेलं ते कुजेल, तेच वाळूतल्या जंतूंचं खाणं. फक्त थांबायचं. मासे सोडायचे नाहीत, धुवायचं नाही."

मी थांबले. पाणी ताकासारखं झालं, खोलीला मासळी बाजाराचा वास सुटला. नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की अमोनियाचा गर्द हिरवा रंग यायचा. कुजण्यातून येणारा हा अमोनिया माशांना विष. काही जंतू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडंफार मासे सोसतात. हे जंतू पाण्यात फारसे नसतातच. दगडाला, वाळूला, स्पंजला चिकटून असतात आणि सावकाश वाढतात.

आई रोज नाकाला पदर लावून म्हणायची, पाणी बदल. मी नाही म्हणायचे. एकदा ती चिडली. "सरी, बरं, तुझं तू बघ. बाबांवर गेलीस. त्यांच्याही हाताला..." आणि थांबली.

मी नळी हातात धरून उभी होते, बाबा, आणि तुमचे रविवार डोळ्यांपुढे आले. ज्या जंतूंच्या जिवावर मासे जगायचे त्यांना तुम्ही दर आठवड्याला उकळत होता, पिळून मोरीत सोडत होता, तेही इतक्या मायेने. गुरुवारपर्यंत माशांच्याच घाणीचं विष साचायचं. मला रडू आलं. आईला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ते धुवायचे म्हणून मासे मरायचे?" ती म्हणाली. आणि मग, "हाताला यश नाही हे मीच म्हटलं होतं, नाही का गं." ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नळी उजेडात धरून रंग बघायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं, आणि पाणी बदल हे शब्द पुन्हा काढले नाहीत.

हिरवा फिका होत होत पिवळा झाला. नायट्राइटचा जांभळा उतरला. वाळूवर तपकिरी साय आली, तिलाही आम्ही हात लावला नाही. काथ्याच्या तावडीतून वाचलेल्या कुठल्याशा किड्याने एका भोकातून बारीक पिसारा बाहेर काढला. नायट्रेट उतरवायला थोडं पाणी बदललं आणि मग दोन नारिंगी मासे आणले. पिशवी उघडून मी ती पाण्यावर नुसती धरून ठेवली. आई म्हणाली, मी सोडू का? मी म्हटलं, नको. बाबांची मुलगी सोडेल. गुरुवार आला नि गेला. मासे खातात, भांडतात, आई त्यांना रागावते.

हे पत्र आईला दाखवणार नाही. टाकीखालच्या कपाटात, मिठाच्या पिशवीमागे पडून राहील. पण एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. सगळ्यांना मी सांगत सुटलेय की मला याची लहानपणापासून हौस आहे. खरं म्हणजे मला मासे काही विशेष आवडत नाहीत. आवडायचे ते तुम्हाला.