कोंडवाड्याची चाबी

घरून,
दि. ९ जानेवारी २०२५, गुरुवार

वच्छलाताईस देवीदासचा जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. सुमनचा गुडघा थंडीनं धरला आहे, तरी ती वावरात जातेच. तिकडे बोरगावला प्रज्ञा कंपनीत वेळेवर जात असेल, तुझी तब्येत बरी असेल, असं धरून चालतो. विचारलं असतं, पण फोन लावला की प्रज्ञा उचलते आणि आई आंघोळीला गेली म्हणते. चार महिने तू आंघोळच करून राहिली आहेस. म्हणून हे पत्र. प्रज्ञाकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी तू स्वतः वाच.

तुझी शिकायत तालुक्याच्या जनपद कचेरीत पोचली. मला बोलावून दाखवली. अक्षर प्रज्ञाचं आहे, पण शब्द तुझे आहेत, मी ओळखतो. ‘पाण्याच्या कमेटीचा अध्यक्ष, आणि त्याच्या ताब्यात जनावर तहानेनं मेलं.’ साहेब ते वाचून हसले. त्यांच्या टेबलासमोर मी उभा होतो, बसा म्हणाले नाहीत. तुला हेच पाहिजे होतं ना? झालं.

आता माझं ऐक. तू शिकायतीत बरंच लिहिलंस आणि बरंच सोडलंस. दोन वर्षांमागं ग्रामसभेत वाटरशेड कमेटीच्या अध्यक्षासाठी माझं नाव आलं तेव्हा पहिला हात तुझा होता, हे लिहिलं नाहीस. वेचणी टाकून वस्तीतल्या सगळ्या बायांना तूच घेऊन आली होतीस. आपल्या वस्तीचा माणूस त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. त्या उन्हाळ्यात बरडीच्या उतारावर पाणी अडवायला चर खोदले तेव्हा तूही कुदळ मारलीस. बरडीवर दोन वर्षं जनावर जाणार नाही, या ठरावावर तुझा अंगठा नाही, सही आहे. शेळीचे खूर चराच्या काठावर पडले की काठ ढासळतो, माती परत चरात बसते. हे तुला मी शिकवायची गरज नव्हती. तरी तू ऑगस्टपासून बकऱ्या वर नेत होतीस. एकदा नाही, रोज. मी तुझ्या अंगणात येऊन दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, “वस्तीले गवत कापू देईन म्हणला होता तू. कुठं हाय गवत? माह्या बकऱ्यांनी ठराव खावा काय?”

गवताचं मी बोललो होतो, हे खरं आहे. कमेटीत नत्थूजी उपाध्यक्ष आहेत, त्यांच्या बाजूची चार माणसं आहेत. त्यांनी कापणी दिवाळीनंतर ढकलली. मी हो म्हणालो. तुला सांगायला आलो नाही.

मग दोन बकऱ्या मेल्या आणि ग्रामसभेत तू सगळ्यांसमोर बोललीस. “माय वावरात जाये तवा याले मी पाठीवर बांधून फिरली, आज हा माह्या बकऱ्या मोजून राहिला.” लोक हसले. मी म्हणालो, अध्यक्षाला बहीण नसते. त्यावर कोणी हसलं नाही. तू उठून गेलीस, उरलेल्या सहा बकऱ्या विकल्यास आणि बोरगावला निघून गेलीस. घराला कुलूप लावून चाबी शेजारच्या अलकाकडे दिलीस, सख्ख्या भावाचं घर चार घरं पलीकडे असताना. ते मी विसरणार नाही.

बकऱ्या कोंडल्या त्या मंगळवाराबद्दल जनपदनं विचारलं तेव्हा मी सप्टेंबरमध्येच उत्तर दिलं होतं. बकऱ्या राखणदारानं पकडल्या, कोंडवाड्याची चाबी राखणदाराकडे होती, तो जागेवर नव्हता. त्यावर राखणदार अतुलला कामावरून काढलं. तो दोन लेकरांचा बाप आहे. आता सौंसरला ईंटभट्टीवर जातो. मला पाहिलं की रस्ता बदलतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई, चाबी त्याच्याकडे नव्हती.

त्या आठवड्यात गुरुवारी वरचे साहेब बरडी पाहायला येणार होते. मंगळवारी पांढुर्ण्याला बैठक होती. मी सकाळी वर चक्कर मारली तेव्हा पूर्वेच्या उतारावर तुझ्या आठ बकऱ्या होत्या. तू करंजाखाली बसून होतीस, तुला मी दिसलो नाही. थोडं पुढं, वरच्या चरात, नत्थूजींच्या चार गाई होत्या. ते घरच्यांना घेऊन जामसांवलीला दर्शनाला गेले होते, गाई मोकळ्या होत्या. मी दोन्ही पाहिलं. खाली येऊन अतुलला म्हणालो, “पूर्वेच्या उतारावर जा, ताईच्या बकऱ्या कोंड.” गाईंचं नाव काढलं नाही. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर नत्थूजींची सही व्हायची होती. अतुलनं बकऱ्या कोंडून कुलूप लावलं आणि चाबी आणून माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकून गाडी पकडायला तिगाव स्टेशनला गेलो.

बैठकीत आपल्या गावाचे फोटो पडद्यावर दाखवले. टाळ्या झाल्या. अकरा वाजता सुमनचा फोन आला. “बकऱ्या ओरडून राहिल्या. टीन तापला आहे. ताई दारात बसल्या आहेत. चाबी कुठं आहे?” मी बाहेर येऊन बोललो. म्हणालो, “माझ्याकडं आहे. राहू दे संध्याकाळपर्यंत. ताईले समजू दे.”

हे सुमनला माहीत आहे आणि मला. तिनं आजवर कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही, म्हणून तिच्यावर राग धरू नकोस.

बैठक दोन वाजता सुटली. मग जेवण होतं. मी जेवलो. दिवे लागायच्या वेळी गावात आलो तेव्हा तू दाराच्या फटीतून गडव्यानं पाणी ओतत होतीस. दाराजवळच्या बकऱ्या ओली माती चाटत होत्या. गाभण बकरी मागच्या कोपऱ्यात पडली होती, तिच्यापर्यंत पाणी जात नव्हतं. तिच्या बाजूला ते लहान पिलू. मी कुलूप उघडलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, आत गेलीस. चाबी माझ्या हातात कशी, हे तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझ्या ध्यानात आलं नाही. आता तुझी शिकायत वाचल्यावर वाटतं, आलं होतं. तिथं तू अतुलचं नावच घेतलेलं नाहीस.

आता या सोमवारचं सांगतो. नत्थूजींच्या गाई पुन्हा बरडीवर होत्या. मी स्वतः हाकत आणून कोंडल्या. ते आले.

“गाई सोड, देवीदास.”

“ठराव आहे, नत्थूजी. तुमची सही आहे.”

“बकऱ्यांवरून बोभाटा झाला तवा मी तुह्या मांगं उभा होतो. आता मलेच ठराव दाखवून राहिला काय?”

“दाखवून राहिलो.”

“बहिणीच्या दोन मारल्या तू. माह्या किती मारतं?”

मी म्हणालो, गाईंना पाणी दिलं आहे, दोनदा. ते थुंकले आणि गेले. तीन तासांनी मी नियमानं गाई सोडल्या. दुसऱ्या दिवशी मला काढायचा अर्ज पडला. २६ तारखेच्या ग्रामसभेत हात वर करून ठरेल. आणि अर्जाला काय जोडलं आहे माहीत आहे? तुझी शिकायत. नत्थूजींनी तिच्या झेरॉक्स काढून वाटल्या. ज्यांनी तुझ्या बकऱ्यांचं गवत अडवलं, ते आता तुझ्या बकऱ्यांसाठी रडून राहिले आहेत. तुझ्या शब्दांचा त्यांना असा उपयोग झाला. याबद्दल मला तुझा राग आहे, आणि तो जाणार नाही.

तरी मी काल जनपदला नवीन उत्तर दिलं. चाबी माझ्याकडे होती, फोन आला होता, मी मुद्दाम आलो नाही, असं लिहून सही केली. पावती घेतली. अतुलच्या घरी त्याची एक प्रत नेऊन दिली. त्याची बायको दारातच उभी राहिली. कागद घेतला, वाचला आणि म्हणाली, “चार महिने लागले?” आणि दार लावलं.

वस्तीच्या विहिरीत आज सात हात पाणी आहे. मागं या दिवसांत तिथं तळ दिसत होता. हे मी केलं. तूही केलंस. त्यानं बाकीचं फिटत नाही, हे मला कळतं. मी माफी मागत नाही. तू देणार नाहीस, आणि दिलीस तर मला खरी वाटणार नाही.

२६ तारखेला तुला साक्षीला बोलावतील. नत्थूजी गाडी पाठवतील, तिच्यात बसू नकोस, बसनं ये. जे घडलं ते सगळं सांग. हात वर करायचा असेल तर कर, मी तुझ्याकडेच पाहत असेन. पण आमच्या घरी उतरू नकोस. सुमन चहा ठेवेल, आणि तिच्या हातचा चहा घेतलास की मग तुझ्यानं बोलवणार नाही. सरळ पंचायतीत ये.

देवीदास