सीट मागेच राहू दे

बाळ, चहाच्या आधी हे वाच.

मी तुझ्या आत्याकडे जात आहे, संध्याकाळी परतेन. काल बाबाच्या गाडीच्या इंजिनाशी झगडून तू पार थकला होतास, म्हणून उठवले नाही. जेवण झाकून ठेवले आहे. ते काळे हात घासून धुतल्याशिवाय ताटाला शिवायचे नाही.

काल इंजिनाचा पट्टा फिरवणारी ती जुनी पुली काढताना इंजिन फिरू नये म्हणून तू गाडी गिअरमध्ये टाकलीस आणि मला आत बसवून ब्रेक दाबायला लावलेस. माझा पाय पुरेना, तेव्हा "आजी, दोन मिनिटांचं तर काम आहे," म्हणत सीट पुढे ओढलीस. बोल्ट सुटला, तू आनंदाने ओरडलास. तुझा बाबा गेला तेव्हापासून ती सीट त्याच्या पायांच्या मापावर होती. ते माप मी कोणाला मोडू दिले नव्हते.

आज सकाळी गॅरेजचे दार लावायला गेले, तर सीट पुन्हा मागे, जिथल्या तिथे. तुझ्या आईला विचारले. ती म्हणाली, "मी त्या दारापाशीसुद्धा जात नाही, तुम्हाला ठाऊक आहे." तू सरकवली असशील तर मला सांगू नकोस. नसशील, तरीही सांगू नकोस.

नवी पुली आज बसवायचीच असेल, तर बोल्ट मामाला आवळू दे आणि ब्रेक दाबायला तू बस. सीटला हात लावायचा नाही. तुझे पाय तिथवर पोचतात का, तेवढे मात्र मला संध्याकाळी सांग.

— आजी